राजवाडा सोडणारी सून

मुलगा वेगळा निघाला की बोल सुनेला! ही रीत फक्त आपल्याकडची नाही. ८ जानेवारी २०२० रोजी इंग्लंडचे राजपुत्र हॅरी आणि पत्नी मेगन यांनी राजघराण्याच्या जबाबदाऱ्यांतून बाजूला होण्याचे जाहीर केले. निर्णय दोघांचा, पण तिथल्या वृत्तपत्रांनी त्याला नाव दिले ‘मेग्झिट’. म्हणजे दोष मेगनचाच!

लोकमत दुभंगले. जुनी पिढी बहुतांशी रागावली. जनतेच्या पैशातून राहत्या घरावर २४ लाख पौंड खर्च झाले, मग कर्तव्य सोडून जाता कसे, हा त्यांचा सवाल. तो रास्त होता. हॅरींनी ती रक्कम त्याच वर्षी परतही केली.

तरुणांची आणि अनेक कृष्णवर्णीयांची सहानुभूती मात्र या जोडप्याकडे होती. मेगनची आई आफ्रिकी वंशाची अमेरिकन. लग्नाआधी, २०१६ मध्येच, वृत्तपत्रांतील टीकेला वर्णद्वेषाचा वास येतो, असे हॅरींच्या कार्यालयाला जाहीर सांगावे लागले. १९९७ मध्ये पॅरिसला छायाचित्रकार पाठलागावर असताना झालेल्या मोटार अपघातात हॅरींची आई डायना गेली. तेव्हा ते १२ वर्षांचे होते. वडिलांना लिहिलेले खासगी पत्र छापणाऱ्या वृत्तपत्रसमूहाविरुद्ध मेगन कोर्टात गेल्या आणि २०२१ मध्ये जिंकल्या.

जनतेने पैशाचा हिशेब जरूर मागावा. पण सुनेच्या कातडीचा रंग आणि तिचे कूळ त्या हिशेबात धरण्याचा अधिकार कुणालाही नाही. मग घर राजाचे असो वा मजुराचे.