दहावीनंतरची तीन वर्षे

मी डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यावरची. एका छोट्या तंत्रनिकेतनात मेकॅनिकलची पदविका शिकते. दहावीनंतर हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहा सत्रांचा असतो. वर्कशॉपमध्ये फायलिंग, वेल्डिंग, लेथ शिकवतात. व्हर्नियरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो, हे तिथेच कळले.

शाळा मराठीत झाली, इथली पुस्तके इंग्रजीत. पहिल्या सत्रात गणितात नापास झाले, तेव्हा घरी परतणार होते. वर्ग लहान, म्हणून सरांच्या लक्षात आले. त्यांनी संध्याकाळी बसवून शिकवले. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

पदविकेनंतर नोकरी करता येते, किंवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आपल्या ओळखीच्या दहावीच्या मुलींना हे सांगा, आणि जातीचा दाखला आधीच काढायला लावा.