पार्श्वसंगीताने साथ द्यावी, मात करू नये

चतुर्थीतील आरत्या, बारसे, मुंज, लग्न, आजी-आजोबांची पंचाहत्तरी असे प्रसंग आता बहुतेक घरांत मोबाईलवर चित्रित होतात. पुढे घरातीलच कोणीतरी हौसेने त्या तुकड्यांची जुळणी करतो, खाली एखादी सुरेल धून घालतो आणि तयार झालेली चित्रफीत नातलगांना पाठवतो. चित्र सुबक दिसते, धूनही गोड असते. पण आजी नेमके काय सांगत आहेत, हे मात्र कळत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याला दोष दिला जातो. प्रत्यक्षात बोलण्यावर संगीताने मात केलेली असते.

आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत

आवाज ऐकू येणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यातील जोर मुख्यतः स्वरांत असतो, तर शब्दाशब्दांतील भेद बव्हंशी व्यंजने दाखवतात आणि ती बरीच क्षीण असतात. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘सात’ आणि ‘साथ’ यांतील फरक म्हणजे श्वासाचा एक हलकासा झोत. व्यंजनांची ओळख पटवणारे ध्वनी साधारणपणे १००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात येतात. स आणि श यांचा सीत्कार त्याहूनही वर जातो. हार्मोनियम, व्हायोलिन, सतार यांचे उपस्वर याच पट्ट्यात पसरलेले असतात. मोठा आवाज जवळच्या पट्टीतील लहान आवाज झाकून टाकतो. ध्वनिशास्त्रात यालाच ‘मास्किंग’ म्हणतात. परिणामी संगीत वाढले की प्रथम व्यंजने हरवतात आणि कोणीतरी बोलत आहे, एवढेच समजते.

वय वाढते तशी श्रवणशक्ती बहुधा उच्च पट्टीतील आवाजांपासून कमी होऊ लागते. म्हणजे अशी चित्रफीत ज्यांना सर्वांत आवडीने पाहायची असते, त्या ज्येष्ठांनाच तिचा सर्वाधिक त्रास होतो.

जुळणी करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, त्याचेही कारण आहे. तोच तुकडा त्याने दहा वेळा ऐकलेला असतो. शब्द आधीच ठाऊक असल्याने न ऐकू आलेला भाग त्याचा मेंदू आपोआप भरून काढतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही सोय नसते.

संगीत किती खाली असावे?

याला एक प्रमाणभूत आधार उपलब्ध आहे. संकेतस्थळे सर्वांना सुलभ व्हावीत, यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तयार केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, सर्वोच्च श्रेणीच्या निकषांत, पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने कमी असावा, असे सांगितले आहे. २० डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिलहरीची उंची एक दशांश. कानाला मात्र तो आवाज सुमारे एक चतुर्थांश भासतो. घरगुती कामात १५ ते २० डेसिबलचे अंतर राखले, तरी बोलणे सहसा स्पष्ट राहते.

मोबाईलवरील अनेक ॲपमध्ये डेसिबलऐवजी टक्केवारी दिसते. तिथे एक गफलत होते. बाजारातील तयार संगीत मुळातच कमाल पातळीपर्यंत चढवलेले असते, तर दोन मीटरवरून टिपलेले बोलणे क्षीण असते. दोन्हींचा आकडा १०० ठेवला, तरी त्यांची पातळी समान होत नाही. म्हणून संगीत १० टक्क्यांपासून सुरू करावे आणि गरजेपुरतेच वाढवावे.

आधी बोलणे, मग संगीत

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम संगीत पूर्ण बंद ठेवून केवळ बोलणे दुरुस्त करावे. हळू बोलणाऱ्याचा तुकडा वाढवावा, मोठ्याने बोलणाऱ्याचा कमी करावा. मीटर असल्यास बोलण्याची शिखरे उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावीत. शून्याला स्पर्श झाला की आवाज फाटतो. पंख्याची व वाऱ्याची घरघर ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापला की बरीच कमी होते. संगीत आणावे ते यानंतरच.

मैफलीतील हार्मोनियमवादक गायक गात असताना मागे राहतो आणि त्याने श्वास घेतला की ती जागा भरतो. पार्श्वसंगीताचे कामही हेच आहे. बोलणे सुरू होताच संगीत आपोआप खाली नेणाऱ्या सोयीला ‘डकिंग’ म्हणतात. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ती आहे. आयमूव्हीमध्येही निवडलेल्या तुकड्याखालील इतर आवाज कमी करता येतात. अशी सोय नसेल, तर हे काम हाताने करावे. बोलण्यापूर्वी अर्धा सेकंद संगीत उतरवावे आणि बोलणे संपल्यावर एखाद्या सेकंदात सावकाश चढवावे. वाक्यांमधील प्रत्येक लहान विरामात मात्र ते वर आणू नये. सतत वरखाली होणारे संगीत कानाला खुपते.

इक्वलायझर उपलब्ध असल्यास संगीतातील १००० ते ४००० हर्ट्‌झचा भाग ३ ते ६ डेसिबलने कमी करावा. मग संगीत फार खाली न नेताही बोलण्याला वाट मिळते. धून निवडताना शब्द असलेले गाणे टाळावे. आपल्याला कळणाऱ्या भाषेतील शब्द मागे सुरू असले, की लक्ष दुभंगतेच.

जिथे संगीत नकोच

काही ठिकाणी सर्वांत योग्य पार्श्वसंगीत म्हणजे शांतता. घुमटाच्या साथीने चाललेली आरती, अंगणातली फुगडी, जात्यावरची ओवी यांत आवाज हाच मूळ ऐवज आहे. त्याखाली दुसरी धून घालणे म्हणजे त्याच्यावर पडदा टाकणे. ज्येष्ठांच्या आठवणींचेही तसेच. १९६१ चा गोवामुक्तीचा क्षण जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता पंचाहत्तरीपलीकडे पोहोचली आहेत. त्यांची बोली, त्यांचे थांबणे, मध्येच भरून आलेला गळा हे पुन्हा टिपता येईलच असे नाही. अशा चित्रफितीत आरंभी व अखेरीस थोडे संगीत पुरे. मधला भाग मोकळा सोडावा.

मूळ चित्रीकरण मात्र कधीही पुसू नये. संगीत एकदा मिसळून फाइल तयार झाली, की बोलणे जसेच्या तसे वेगळे काढता येत नाही. नवी सॉफ्टवेअर तसा प्रयत्न करतात, पण मूळ आवाजाचा पोत पुरता परत येत नाही. म्हणून बिनसंगीताची प्रत दुसऱ्या ठिकाणीही जपून ठेवावी.

चित्रफीत पाठवण्यापूर्वी ती इअरफोनवर, मोबाईलच्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास टीव्हीवर, आवाज मध्यम ठेवून ऐकावी. इअरफोनवर स्वच्छ वाटणारे बोलणे लहान स्पीकरवर बुडू शकते. शेवटी, त्या प्रसंगी हजर नसलेल्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला ती एकदाच ऐकवावी आणि बोलणाऱ्याने काय सांगितले, ते विचारावे. उत्तर देताना त्या अडखळल्या, तर संगीत आणखी खाली न्यावे.