आधी विचारा, मग वाढा

पाहुण्याला ‘तुम्हांला काय चालतं?’ असे विचारणे आमच्या लहानपणी अगत्यात बसत नसे. जे शिजले असेल ते पानात पडायचे, पाहुण्याने ते संपवायचे आणि वर यजमानाच्या आग्रहाला मान द्यायचा, असा सरळ व्यवहार होता. फार तर ‘आज उपास-बिपास नाही ना?’ एवढी चौकशी व्हायची. अधिक विचारण्याची गरज तरी कुठे होती? पंगतीला बसणारे बहुतेक आपल्याच नात्यागोत्यातले, आपल्याच जातीतले. सगळ्यांची स्वयंपाकघरे एकाच साच्यातली.

आता तसे राहिलेले नाही, आणि नाही हे चांगलेच झाले. बँकेतल्या नोकरीने मला हे लवकर शिकवले. शाखेत दुपारी एकाच टेबलाभोवती कोकणातला, मराठवाड्यातला, गोव्याचा, गुजराती जैन असे सगळ्यांचे डबे उघडत. निवृत्तीनंतरही आम्ही काही जण वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी सहकुटुंब जेवतो. दोन-तीन वर्षांपूर्वी श्रावणात ही पाळी आमच्याकडे होती. यादी करायला बसलो, तर जवळजवळ प्रत्येक नावापुढे शेरा! एका जैन कुटुंबाला कांदा, लसूण, बटाटा, सगळीच कंदमुळे वर्ज्य. सूर्यास्तानंतर जेवणही नाही. एका वहिनींची एकादशी. दोघांना मधुमेह. एका मित्राच्या सुनेला सीलिॲक, म्हणजे गहू बंद. एकाची मुलगी वीगन, म्हणजे दूध-तूपसुद्धा नाही. आणि एकाच्या सात वर्षांच्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मासे खाणाऱ्या मित्राने तेवढी श्रावणामुळे तलवार म्यान केलेली.

अशा वेळी ‘आजकाल लोकांची नाटकंच फार’ असे म्हणणे सोपे असते. पण सगळे शेरे एका मापाचे नसतात. माझ्या हिशेबाने त्यांच्या चार पायऱ्या आहेत : आवड, व्रत, पथ्य आणि धोका. आवड मोडली तर पाहुणा हिरमुसतो. व्रत मोडले तर त्याचे मन दुखावते. पथ्य मोडले तर तब्येत बिघडते. धोक्याच्या पायरीवर मात्र जिवाशी गाठ असते. यजमानाने यादी खालून वर नव्हे, वरून खाली वाचावी. आधी धोका, मग बाकीचे.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये घडवला. अन्नाच्या ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. प्रकार गंभीर असेल तर काही मिनिटांत श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा ॲड्रिनलिनचे इंजेक्शन आणि तातडीने इस्पितळ, हाच उपाय. ‘थोड्यानं काही होत नाही’ हे आपले लाडके वाक्य इथे लागू पडत नाही. थोड्यानेच होते.

सीलिॲकचे तसे नाही. तिथे तत्काळ काही दिसत नाही, पण गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेनने आतड्याचे अस्तर झिजत राहते. या दोषाचे मूळ सापडले ते दुष्काळात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगू लागली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाबद्दल संशय होताच. त्या हिवाळ्याने तो पक्का केला.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे या नजरेने पाहा. दाण्याचा कूट कुठे नाही? कोशिंबिरीत आहे, भाजीत आहे, चटणीत आहे. घाण्याचे तेल अनेकदा शेंगदाण्याचेच. उपासाचे पान तर सात्त्विक म्हणावे, पण त्या मुलासाठी तेच सर्वांत घातक : साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी. गव्हाचेही तसेच. पोळी दिसते म्हणून टाळता येते. पण बाजारातल्या खड्याच्या नव्हे, पुडीच्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, हे किती जणांना ठाऊक असते? म्हणजे साधे फोडणीचे वरणही बाद. ज्वारीची भाकरी बिनधोक म्हणावी, तर गिरणीत त्याच जात्यावर आधी कुणाचे गहू दळलेले असतात.

मग आम्ही काय केले? प्रत्येकासाठी वेगळा पदार्थ करायचा नाही, हे पहिले ठरवले. तसे केले की यजमानीण ओट्याशीच अडकते. सगळ्यांना चालेल असा गाभा धरायचा आणि ज्याला जे हवे ते बाजूला वाटीत ठेवायचे. जैनांसाठी जेवण दुपारचे. तेल सूर्यफुलाचे. घरातला दाण्याचा कूट त्या आठवड्यापुरता शेजारी मुक्कामाला. तांदूळ धुऊन, वाळवून घरीच मिक्सरवर दळले. त्याच्या भाकऱ्या आणि उकडीचे मोदक. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी, पडवळात मुगाची डाळ, काकडीच्या कोशिंबिरीत कुटाच्या जागी ओले खोबरे. वरणाला हिंगाशिवाय जिऱ्याची फोडणी. तूप आणि दही वेगळे. वहिनींना भगर, तीच कोशिंबीर आणि गोडाला मोदकातले सारण. तांदूळ, नारळ, गूळ एवढ्यावर उभा असलेला मोदक त्या दिवशी सगळ्या पक्षांना मान्य झाला. मधुमेहींनी आपापला हिशेब आपण ठेवला.

एक पद्धत मात्र मी बँकेतून आणली. व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. सौ.ने मसाले काढायचे आणि मी चष्मा लावून पाकिटे वाचायची. आपल्याकडच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन यांचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. अक्षर बारीक असते, पण असते. शंका आली की मुलाच्या आईला फोन. तिला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘काका, एवढं कुणी विचारत नाही हो.’’

त्या मुलाला मी पूर्वी एका लग्नात पाहिले होते. पंगत रंगात आलेली आणि हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन एकटा जेवत होता. शेजारची पोरे जिलब्या किती संपवल्या ते मोजत होती. आमच्याकडे तो आला तोही डबा घेऊनच. आईने हळूच तो पिशवीत परत ठेवला. मग सगळ्यांच्या रांगेत बसून त्याने तीन मोदक खाल्ले आणि चौथा मागितला.

काही जण म्हणतील, परंपरेचे काय? मला परंपरा एवढी ठिसूळ वाटत नाही. उपासाला चालणारे शेंगदाणे, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद, तिघेही मुळात दक्षिण अमेरिकेतले. परदेशी पाहुण्यांना जिने थेट एकादशीच्या पानात जागा दिली, ती परंपरा एका मुलासाठी कूट बाजूला ठेवायला का कू करील?

आणि दुसरी परंपराही आठवावी. 1890 मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहाला गेली. त्यांत रानडे होते, टिळक होते. त्या पेल्यांवरून गावात केवढे वादळ उठले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. तेव्हा प्रश्न होता : कोणाच्या हातचे? त्या प्रश्नाने माणसे पंगतीतून उठवली. आजचा प्रश्न आहे : कशात काय आहे? ऐकायला दोन्ही सोवळ्यासारखेच वाटतात, पण हा दुसरा प्रश्न माणसांना पंगतीत आणून बसवतो.

आग्रह सोडावा असे मी म्हणणार नाही. तो सुटला तर आपल्या जेवणात उरेल काय? फक्त त्याची वेळ बदलावी. पान वाढल्यावर ‘घ्याच’ म्हणण्यापेक्षा आमंत्रण देतानाच ‘काय चालत नाही, सांगाच’ असा आग्रह धरावा. संकोची पाहुणा पहिल्यांदा ‘काही नाही, सगळं चालतं’ असेच म्हणतो. त्याला दुसऱ्यांदा विचारावे.