इंजिनाच्या व्हॉल्व्हवर अधिक खर्च करावा काय?

वायंगण भाताला किंवा उसाला पाणी देण्याची पाळी यावी आणि नेमके त्याच वेळी पंपाचे डिझेल इंजिन सुरू होण्यास कुरकुर करू लागावे, हा अनुभव अनेक शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. हँडल मारून हात भरून येतात, धूर काळा पडतो, पाणी कमी येते. कारागीर सांगतो की व्हॉल्व्ह गेले आहेत. हेड उतरवायचेच आहे, तर या वेळी भारी माल घालावा. भारी माल म्हणजे कठीण धातूचे व्हॉल्व्ह, ब्राँझच्या गाइड, ताठ स्प्रिंगा आणि क्वचित रोलर बसविलेले रॉकर. साध्या दुरुस्तीच्या मानाने हा खर्च कितीतरी अधिक होतो. पीक सुकू लागले असता माणूस घाईने होकार देतो. म्हणूनच या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवणे हिताचे आहे.

प्रथम व्हॉल्व्हचे कार्य पाहू. एक व्हॉल्व्ह हवा आत घेतो, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडतो. कॅमच्या उंचवट्याने टॅपेट वर उचलला जातो, त्यावरील पुशरॉड रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. तो मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा उघडतो व मिटतो. ५०० तासांच्या कामात ही संख्या २ कोटी २५ लाख होते. धूर सोडणारा व्हॉल्व्ह तर तापून लालभडक होण्याच्या बेतात असतो. त्याची बहुतेक उष्णता, तो मिटलेला असताना, सीटवाटे हेडमध्ये उतरते. सीटवर तो नीट टेकला नाही की ही वाट बंद होते, कडेने गरम वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यामुळे व्हॉल्व्ह गळू लागला की इंजिन सुरू होणेच अवघड होते.

दोष खरोखर व्हॉल्व्हचाच आहे काय, हे हेड उतरविण्यापूर्वी पाहता येते. हँडल दाबाच्या धावेपर्यंत हळूहळू फिरवून तेथे धरावे व कान द्यावा. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आल्यास धुराचा व्हॉल्व्ह गळतो. हवेच्या गाळणीतून आल्यास हवेचा. आणि तेल भरण्याच्या तोंडातून आल्यास दोष पिस्टनच्या रिंगांचा असण्याचा संभव अधिक. रिंगा झिजलेल्या असताना उत्तमातले उत्तम व्हॉल्व्ह घातले, तरी दाब परत येणार नाही.

त्यानंतर टॅपेटचे अंतर तपासावे. व्हॉल्व्हची दांडी व रॉकर यांमध्ये निर्मात्याने नेमून दिलेली फट असावी लागते व ती फीलर गेजने मोजावी लागते. इंजिन थंड असता मोजावी की गरम असता, हे पुस्तिकेत दिलेले असते. सीट झिजली की व्हॉल्व्ह खोल बसतो आणि ही फट कमी कमी होत जाते. शेवटी व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. टकटक करणारा टॅपेट कानाला त्रास देतो. मुका झालेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. वेळीच फट जुळविली, तर पैचाही खर्च न होता व्हॉल्व्ह वाचतात.

आता भारी मालाचा एकेक करून विचार करू. स्टेलाइट हा कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातू लाल तापला तरी आपला कठीणपणा सोडत नाही. ज्या इंजिनाला हंगामात रोज दीर्घकाळ पूर्ण भारावर चालावे लागते, त्याच्या धुराच्या व्हॉल्व्हला असा मुलामा असणे लाभदायक ठरते. हवेचा व्हॉल्व्ह येणाऱ्या हवेनेच थंड होत असतो. त्याला तो सहसा लागत नाही. गाइड ढिली झाली असेल तर ती बदलणे आवश्यकच आहे, कारण ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुलतो व सीटवर सरळ टेकत नाही. मात्र निर्मात्याने ठरविलेल्या धातूची गाइड पुरेशी आहे.

ताठ स्प्रिंगांची गोष्ट निराळी. फार वेगवान इंजिनात स्प्रिंग मागे पडून व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, तेथे त्यांची गरज असते. लिस्टर पद्धतीच्या ६ अश्वशक्तीच्या मंदगती इंजिनाचे फेरे मिनिटाला अवघे ६५०. अशा इंजिनात ताठ स्प्रिंग घातल्याने शक्ती वाढत नाही. कॅम, टॅपेट व सीट यांची झीज मात्र वाढते. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगच्या शेजारी उभी करून पाहावी. आखूड झाली असेल तर मूळ मापाचीच नवी घालावी.

रोलर रॉकरने घर्षण कमी होते हे खरे. परंतु ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे १ लिटर डिझेल घेते. वर्षाला २०० तास चालल्यास २०० लिटर लागतील. त्यात शंभरामागे दोन-तीन लिटर वाचतील असे उदारपणे धरले, तरी वर्षाची बचत ४ ते ६ लिटरच होते. कोणताही भारी भाग घेताना त्याच्या किमतीला वर्षाच्या बचतीच्या किमतीने भागावे. उत्तर जितके येईल तितकी वर्षे इंजिन चालणार आहे काय, हे स्वतःस विचारावे.

एका ठिकाणी मात्र अधिक खर्च निश्चित योग्य आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, हे आरोग्याच्या दृष्टीने हितकारकच होते. परंतु जुन्या पेट्रोल इंजिनांत बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या सीटवर शिशाच्या क्षारांचा पातळ थर बसून तिचे रक्षण होत असे. ते रक्षण गेल्यावर, भारी ओझे वाहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या सीट लवकर खोल जाऊ लागतात. अशा हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे आहे. सीटसाठी खाच अचूक मापाची लागते; सबब हे काम चांगल्या यंत्रशाळेतच करावे. डिझेलमध्ये असे शिसे कधीच नव्हते, म्हणून डिझेल इंजिनाला हे कारण लागू होत नाही.

सारांश, गळणारा व्हॉल्व्ह घासून सीटशी जुळवावा. कडा पातळ झाली किंवा दांडी झिजली तरच बदलावा. काम संपल्यावर, हेड चढविण्यापूर्वी, व्हॉल्व्हच्या मागील पोकळीत रॉकेल ओतून पाहावे. ते पाझरले नाही तर काम चांगले झाले. कारागिराचा मान राखून ही परीक्षा आपल्यासमोर करून घ्यावी आणि काढलेले भाग परत मागून घ्यावेत. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी असा एखादा जळालेला व्हॉल्व्ह वर्गात दाखविल्यास मुलांनाही बोध होईल. हवेची गाळणी स्वच्छ ठेवणे, वेळेवर तेल बदलणे आणि टॅपेटची फट जुळविणे ही तीन कामे पाण्याची पाळी येण्यापूर्वीच उरकावीत. मग भारी मालाचा प्रश्न पुष्कळदा उद्भवतच नाही.