घोड्यांच्या ट्रेलरसाठी जनरेटर किती वॅटचा घ्यावा?

अमेरिकेत घोड्यांच्या शर्यती-स्पर्धांना जाणारे अनेकजण ट्रेलरमध्येच मुक्काम करतात. पुढे छोटं घर, मागे घोडे. मैदानावर वीज नसली की जनरेटर हवाच. गणित अडतं ते एसीवर. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी चालताना साधारण दीड हजार वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. त्यामुळे 2,200 वॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर तिथेच दम टाकतो. एसीला ‘सॉफ्ट स्टार्टर’ बसवला तर तोच बहुधा पुरतो. मायक्रोवेव्ह मात्र तेव्हा विसरायचा. उंचावर दर हजार फुटांमागे ताकद सुमारे 3.5 टक्के घटते, तेही धरा. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड झोपायच्या खोलीपासून आणि घोड्यांच्या खिडक्यांपासूनही उलट दिशेला.