उताराचा वेग माथ्यावरच ठरतो

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे एक नव्हे, पुष्कळदा दोन-दोन. चढ आला की इंजिन धापा टाकते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, आणि मागे अडकलेल्या मोटारवाल्यांना वाटते, बिचाऱ्याची खरी कसोटी आता आहे. पण चढावर फार तर काय होईल? इंजिन बंद पडेल, गाडी अडेल. कसोटी लागते ती चढ संपल्यावर, पलीकडच्या उतारावर. तिथे दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरला त्याच्या कितीतरी पट वजनाचे ओझे मागून ढकलू लागते. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत होता. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला हाकते.

हीच ट्रॉली हंगाम संपला की लग्नाचे वऱ्हाड नेते, जत्रेला जाते, वारीत दिंडीचे सामान आणि दमलेली माणसेही वाहते. ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यात बसत नाही, तरीही गावोगावी ते चालते. म्हणून ट्रॅक्टर उतरवायचा कसा, हा प्रश्न एकट्या चालकाचा राहत नाही. मागे बसलेल्या बायकामुलांचाही तो असतो.

बहुतेक ट्रॅक्टरांना गिअरच्या दांड्याखेरीज आणखी एक लहान दांडा असतो. त्यावर ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन जागा असतात. गिअर चार असले तरी या दांड्यामुळे ते आठ होतात. ‘लो’मधल्या पहिल्या गिअरात ट्रॅक्टर माणसाच्या सावकाश चालीने सरकतो, तर ‘हाय’मधल्या चौथ्यात तासाला तीसेक किलोमीटर धावतो. ‘लो’ म्हणजे नांगरटीसाठी आणि चिखलासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भरलेली ट्रॉली तीव्र उतारावरून उतरवायची तर हाच ‘लो’ चालकाचा सर्वात भरवशाचा सोबती असतो. रोखण्याचे पहिले काम गिअरचे. ब्रेक त्याच्या मदतीला.

याचे कारण सोपे आहे. चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांना फिरवीत नाही, उलट चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन सहजासहजी फिरत नाही. आत पिस्टन खालीवर व्हायचे, हवा ओढायची, दाबायची, बाहेर टाकायची, या सगळ्याला जोर लागतो. तो जोर गाडीच्या धावेतून खर्च होतो आणि गाडी आवरली जाते. आता गिअर जितका लहान, तितके चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जास्त. साध्या मोटारीत पाचव्या गिअरात चाक एकदा फिरले की इंजिन तीन-चार वेळा फिरते. पहिल्यात बारा ते पंधरा वेळा. त्यामुळे इंजिनाचा अडसर चाकाला कितीतरी पटींनी जाणवतो. जीप किंवा जिप्सीसारख्या चारही चाकांच्या गाडीत ‘फोर-लो’ टाकले की त्याला आणखी सव्वादोन ते अडीचने गुणायचे.

मग ब्रेक कशाला आहेत, असे कोणी विचारील. ब्रेक गाडी थांबवायला आहेत. गाडीचा सगळा भार तासभर धरून ठेवायला ते नाहीत. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. सोळा टनांचा भरलेला ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतो, म्हणजे सुमारे पाचशे मीटर खाली येतो. एवढ्या उतरणीत जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर सव्वादोनशे लिटरांहून अधिक गार पाणी खळखळा उकळेल. तिचा काही भाग हवा आणि रस्ता खातो, पण उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली तर काय होईल याची कल्पना करावी. तापलेला ड्रम फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरकतो. लायनर जळू लागतात, त्यांची पकड जाते. ज्या गाड्यांना ब्रेक ऑइल असते, तिथे दुसरेच संकट उभे राहते. नेहमीच्या वापरातले डॉट-३ ऑइल नवे असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी मात्र जशीच्या तशी पळत राहते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येते, ‘ब्रेक निकामी झाल्याने’. पुष्कळदा ब्रेक आधी बिघडलेला नसतो. उतरता उतरताच त्याचा जीव घेतलेला असतो.

ट्रॉलीच्या बाबतीत हे आणखी बिकट असते, कारण अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. त्यात ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकासाठी वेगवेगळी ब्रेक पेडले असतात. शेतात वळताना ती उपयोगी पडतात, पण रस्त्यावर येताना ती खिटीने एकत्र जोडायला हवीत. न जोडता उतारावर एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो, मागची ट्रॉली सरळ ढकलत राहते, आणि दोघांचा मिळून कात्रीसारखा कोन होतो. मग कोणाच्याच हाती काही राहत नाही.

गिअर केव्हा टाकायचा

जुने ट्रकचालक नव्या पोराला सांगतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. आजच्या ताकदवान इंजिनांच्या गाड्या मोठ्या गिअरातही चढतात, म्हणून हा नियम आता जसाच्या तसा पुरत नाही. चढलेल्या गिअरापेक्षाही एक खालचा घ्यावा लागतो. पण त्यातले मर्म आजही खरे आहे. गिअर माथ्यावर टाकायचा, उतारावर नव्हे.

ट्रॅक्टरचा हाय-लोचा दांडा तर गाडी पूर्ण थांबवूनच बदलायचा असतो. उतार सुरू झाल्यावर, वेग वाढल्यावर लहान गिअर घालायला गेले की तो बसत नाही. दाते खरखरतात, दांडा मध्येच राहतो, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच दाबून धरला तरी परिणाम तोच. इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटला की ओझ्याला अडवणारे काही उरत नाही. घाबरलेला चालक नेमका क्लच आणि ब्रेक एकदम दाबतो. सपाटीवरची सवय उतारावर वैरीण ठरते.

लहान गिअर टाकला म्हणजे ब्रेकला हातच लावायचा नाही, असेही नाही. इंजिनाचा आवाज चढू लागला, वेग वाढतोय असे वाटले, की ब्रेक नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पाय काढून घ्यायचा. मधल्या वेळात ड्रम निवतो. पेडलवर सतत हलका पाय ठेवून उतरणे दिसायला सावधपणाचे, पण ब्रेक जाळण्याचा तो हमखास मार्ग आहे. आणि रस्ता ओला, निसरडा असेल तर फार लहान गिअरही अंगाशी येऊ शकतो. इंजिन मागच्या चाकांना अडवते, ट्रॉली ढकलते आणि चाके घसरतात. अशा वेळी ओझे कमी करणे आणि ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक असणे, यांना पर्याय नाही.

जीपवाल्यांसाठी एक खुलासा करायला हवा. जुन्या धाटणीच्या गाड्यांत ‘फोर-लो’ टाकले की पुढची-मागची चाके एकमेकांना जखडली जातात. माती, खडी, बर्फ असेल तर ती थोडी घसरून वळण सावरतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते आणि यंत्रावर ताण येतो. म्हणून डांबरी घाटात साधा पहिला किंवा दुसरा गिअर, आणि दगडमातीच्या कच्च्या उतारावर ‘लो’. ट्रॅक्टरच्या ‘लो’ला ही अडचण नाही, तो फक्त मागच्याच चाकांचा मामला असतो.

डिझेल वाचवण्याचा भ्रम

उतारावर गाडी ‘फ्री’ सोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली, अनेकजण जखमी झाले. इंधन वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात दिसून आले. इंजिन बंद केले की ब्रेकला मिळणारे हवेचे किंवा व्हॅक्यूमचे साहाय्य भरून येत नाही, पॉवर स्टिअरिंग जड होते. गंमत म्हणजे यात वाचत काही नाही. आजच्या इंजिनांत गिअर घातलेला असताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. घाटात न्यूट्रलवर गाडी चालवायला अनेक राज्यांच्या वाहन नियमांत मनाईही आहे.

रेल्वेने हा धडा फार आधी गिरवला. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाची चढण सदतिसात एक आहे. तिथे उताराच्या मार्गाला फुटून डोंगराकडे चढणारे आडमार्ग बांधलेले आहेत, आवरेनाशी झालेली गाडी तिकडे वळून चढावर थांबावी म्हणून. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरला असा आडमार्ग क्वचितच मिळतो.

सहलीला निघालेल्या कुटुंबांनाही हे लागू आहे. उटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या कल्हट्टी घाटात छत्तीस अवघड वळणे आहेत. मैदानी भागातून आलेल्या चालकांचे इतके अपघात झाले की पोलिसांना बाहेरच्या पर्यटक गाड्यांना तो घाट उतरण्यास बंदी घालावी लागली. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीतही ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गिअर निवडण्याची सोय असते. घरच्या कोणाला ती वापरता येते का, हे घाटात नव्हे, आदल्या दिवशी पाहावे. विजेच्या गाड्या उतारावर बॅटरी भरत स्वतःला आवरतात. पण माथ्यावरच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून निघाले तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि ही आवर कमी पडते.

वाटेत जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर गाडी कडेला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो. थांबताना गिअर टाकलेला असावा आणि चाकाला दगड लावावा, ट्रॉलीच्या चाकालाही. आणि निघताना तो दगड आठवणीने उचलून कडेला टाकावा. घाटात अंधारात दुचाकीस्वार पडतात ते कित्येकदा अशाच दगडांवर.