गृह-स्वयंचलन प्रणालीतील आयपी कॅमेरे

घरातील दिवे, पंखे, कुलपे व संवेदक ज्या एका पडद्यावरून चालवले जातात, त्याच पडद्यावर घराच्या सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्र पाहणे आणि त्या चित्रातील घडामोडींनुसार इतर उपकरणे आपोआप चालू-बंद करणे, हे आयपी कॅमेरे गृह-स्वयंचलन प्रणालीला जोडल्याने शक्य होते. आयपी कॅमेरा हा स्वतःच एक लहान संगणक असतो. तो टिपलेले चित्र आकुंचित करतो आणि घरातील राउटरमार्फत, संगणक वापरतात त्याच नियमांनी, जाळ्यावर पाठवतो.

मराठीत अशा सर्वच कॅमेऱ्यांना सर्रास ‘सीसीटीव्ही’ म्हटले जाते. या संक्षेपातील पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ ‘बंद मंडल’ असा आहे. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्याची तार थेट दूरचित्रवाणी संचाला किंवा ध्वनिचित्रमुद्रकाला जोडलेली असे, म्हणून ते नाव सार्थ होते. आयपी कॅमेऱ्याचे मंडल मात्र मुळात बंद नसते. ते बंद ठेवावे लागते. या व्यवस्थेतील बहुतेक सोयी आणि बहुतेक धोके या एका फरकातून निघतात.

पार्श्वभूमी

दारावरचा कॅमेरा, आतला पडदा आणि दाराचे कुलूप यांना एकत्र गुंफण्याची कल्पना आंतरजालापेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा व्यवस्थेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मंजूर झाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, खोलीत चित्र दाखवणारा संच, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि बसल्या जागेवरून दार उघडण्याचे बटन, असे तिचे स्वरूप होते.

जाळ्यावरून चित्र पाहण्याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण केंब्रिज विद्यापीठातील आहे. तेथील संगणकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. भांडे रिकामे असताना उगाच जिना चढून जावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. १९९६ मध्ये स्वीडनमधील अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्स या कंपनीने थेट जाळ्याला जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. त्याची गती फारच मंद होती. कमी आकाराचे चित्रही तो सेकंदाला एकच पाठवू शके.

पुढे निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांशी जुळेनात. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ ही संस्था स्थापन केली. जाळ्यावरील कॅमेरा कसा शोधावा, त्याच्याकडून चित्राचा पत्ता कसा मागावा, तो वळवण्याची आज्ञा कशी द्यावी, हे या संस्थेने ठरवलेल्या मानकांत सांगितलेले असते. घरगुती प्रणालीला जोडण्यासाठी कॅमेरा घेताना खोक्यावर ऑनव्हिफचा उल्लेख आहे का, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. केवळ स्वतःच्या ॲपमधूनच चित्र दाखवणारे स्वस्त कॅमेरे अनेकदा अशा प्रणालीला जोडताच येत नाहीत.

चित्राचा प्रवास

कॅमेऱ्यातून चित्र बाहेर पडते ते बहुधा आरटीएसपी या नियमावलीनुसार. ही नियमावली १९९८ मध्ये प्रमाणित झाली. तिचे काम दूरनियंत्रकासारखे आहे: पाहणारा ‘काय आहे ते सांग’, ‘जोडणी कर’, ‘सुरू कर’, ‘बंद कर’ अशा आज्ञा देतो आणि चित्र स्वतः आरटीपी या दुसऱ्या वाहकावरून वाहते. आरटीएसपीसाठी ५५४ क्रमांकाचे पोर्ट राखून ठेवलेले आहे.

अडचण अशी की आजचे प्रचलित ब्राउझर आरटीएसपी जाणत नाहीत. गृह-स्वयंचलन प्रणालीचा पडदा तर बहुतेक वेळा ब्राउझरच असतो, किंवा ब्राउझरवरच बेतलेले ॲप असते. त्यामुळे कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. हा दुभाष्या कोणती भाषा निवडतो, यावर चित्राची गुणवत्ता आणि विलंब ठरतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुटी जेपीईजी छायाचित्रे एकापाठोपाठ एक पाठवणे. यास एमजेपीईजी म्हणतात. तो कोणत्याही ब्राउझरमध्ये चालतो. परंतु प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने विदा फार खर्च होते. भिंत तीच, फाटक तेच, तरी दर वेळी ते नव्याने पाठवावे लागते. २००३ मध्ये आलेली एच.२६४ ही पद्धत यावर मात करते. तीत अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवले जाते आणि मधल्या काळात केवळ बदल कळवले जातात. निर्मनुष्य अंगणाच्या चित्रात बदल नगण्य असल्यामुळे बचत मोठी होते. या बचतीची किंमतही आहे. प्रवाहात मध्येच सामील होणाऱ्याला पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यात दोन पूर्ण चित्रांमधील अंतर चार सेकंद ठेवले असेल, तर पडदा तितका वेळ काळा राहू शकतो. नवख्या माणसाला हा बिघाड वाटतो. पण ते अंतर एक सेकंदावर आणले की तक्रार बहुधा मिटते.

ब्राउझरपर्यंत एच.२६४ नेण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि ते एकेक करून ब्राउझरकडे जातात. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पाठवता येत नाही. शिवाय खंड पडू नये म्हणून ब्राउझर काही तुकडे हाताशी साठवून ठेवतो. परिणामी पडद्यावर दिसणारे चित्र प्रत्यक्षाच्या कित्येक सेकंद मागे असते. क्रिकेटचा सामना पाहताना याने फारसे बिघडत नाही. दारावरची घंटा वाजल्यावर मात्र बिघडते. पडद्यावर पाहुणा पायरी चढताना दिसतो तेव्हा तो कंटाळून परत फिरलेला असू शकतो. दुसरा मार्ग वेबआरटीसीचा. ही पद्धत मुळात दूरस्थ संभाषणासाठी घडवली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. हिच्यात तुकडे पाडले जात नाहीत, म्हणून विलंब सहसा एका सेकंदाच्या आत राहतो. दारावरच्या माणसाशी बोलायचे असेल तर हीच पद्धत कामाची.

एच.२६५ ही एच.२६४ च्या पुढची पिढी. ती आणखी कमी विदा वापरते, पण सर्व ब्राउझरांमध्ये ती सारखी चालत नाही. मध्यस्थ संगणकाने ती उलगडून पुन्हा एच.२६४ मध्ये बांधायची म्हटल्यास लहान संगणकाची दमछाक होते. म्हणून बहुतेक जाणकार मुख्य प्रवाह मुद्रणासाठी राखून ठेवतात आणि पडद्यावर कॅमेऱ्याचा दुय्यम, लहान आकाराचा प्रवाह दाखवतात.

होम असिस्टंटमधील मांडणी

होम असिस्टंट ही या क्षेत्रातील एक प्रमुख मुक्तस्रोत प्रणाली आहे. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये ती पायथन भाषेत लिहावयास घेतली. तिचे वैशिष्ट्य असे की ती घरातल्याच एखाद्या लहान संगणकावर चालते आणि आंतरजाल बंद पडले तरी घरातल्या घरात तिचे काम चालू राहते.

तिच्यात कॅमेरा जोडण्याचे दोन सर्वसाधारण मार्ग आहेत. कॅमेरा ऑनव्हिफ मानत असेल, तर प्रणाली त्याला जाळ्यावर शोधून काढते आणि केवळ वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द विचारते. मानत नसेल, तर प्रवाहाचा पत्ता हाताने लिहावा लागतो; हा पत्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असून माहितीपुस्तिकेत शोधावा लागतो. राउटरने कॅमेऱ्याला दर वेळी नवा आयपी पत्ता दिल्यास जोडणी तुटते. यासाठी राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याचा पत्ता कायमचा राखून ठेवतात. जोडलेला कॅमेरा दिसेनासा होण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

पडद्यावरील चौकटीत सामान्यतः थेट चित्र नसून थोड्या थोड्या वेळाने बदलणारे स्थिर छायाचित्र असते. त्यावर बोट टेकवल्यावर थेट प्रवाह सुरू होतो. चार-सहा कॅमेऱ्यांचे थेट प्रवाह एकाच वेळी उघडे ठेवल्यास जुना टॅब्लेट तापतो, म्हणून ही योजना. २०२४ च्या नोव्हेंबरमधील आवृत्तीपासून होम असिस्टंटमध्ये गो-टू-आरटीसी हा दुभाष्या अंगभूतच मिळू लागला आणि वेबआरटीसीसाठी वेगळी खटपट करण्याची गरज उरली नाही.

हालचाल ओळखणे व मुद्रण

कॅमेऱ्याचे चित्र केवळ पाहण्यासाठी असेल, तर ते पाहायला कोणीतरी जागे असावे लागते. स्वयंचलनाचा खरा उपयोग येथे सुरू होतो. जुन्या पद्धतीत लागोपाठच्या दोन चित्रांतील फरक मोजत. पण वाऱ्याने हललेली फांदी, दिव्याभोवतीचे किडे, पावसाच्या सरी आणि भिंतीवरून जाणारे मांजर यांनाही ती चोर समजे. रात्रीतून पन्नास वेळा खोटी सूचना आली की माणूस सूचना पाहणेच सोडून देतो. फ्रिगेटसारख्या मुक्तस्रोत प्रणाली म्हणून आधी हालचाल शोधतात आणि मग तेवढ्याच भागात माणूस, वाहन की प्राणी आहे, हे ओळखतात. हे काम लहान प्रवाहावर केले जाते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्राऐवजी ६४० गुणिले ३६० चे चित्र तपासले, तर बिंदूंची संख्या नवव्या हिश्श्यावर येते.

मुद्रणाला जागा किती लागते याचा हिशोब सोपा आहे. प्रवाह सेकंदाला २ मेगाबिटचा असेल, तर एका दिवसात सुमारे २१.६ गिगाबाइट विदा जमते. चार कॅमेऱ्यांचे महिनाभराचे अखंड मुद्रण २.६ टेराबाइटच्या आसपास जाते. त्यामुळे केवळ हालचालीच्या वेळचेच चित्र जपून ठेवणे घरासाठी पुरेसे मानतात.

वीज गेल्यावर कॅमेराही जातो, ही गोष्ट मांडणी करताना विसरली जाते. एकाच तारेतून वीज व विदा नेणारी पीओई पद्धत वापरल्यास सर्व कॅमेऱ्यांची वीज एका ठिकाणाहून देता येते. ते एक ठिकाण आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले, की भारनियमनाच्या काळातही चित्र चालू राहते.

घराबाहेरून पाहणे

घरात बसून घराचा कॅमेरा पाहण्याची हौस फार दिवस टिकत नाही. खरी गरज असते ती बाहेरून पाहण्याची. कार्यालयात असताना दारावरचे पार्सल, गावच्या घराचे फाटक, किंवा परदेशी असलेल्या मुलांना घरी एकटे राहणारे आईवडील सुखरूप आहेत एवढे पाहणे, हे त्यात आले. राउटर मात्र बाहेरून आलेली अनोळखी मागणी आत सोडत नाही. यावर वर्षानुवर्षे वापरला गेलेला उपाय म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडून देणे. तो चालतो, आणि तोच सर्वांत वाईट आहे. जे दार मालकासाठी उघडले ते जगातील प्रत्येक संगणकासाठी उघडले जाते. आंतरजालावरील उघडी उपकरणे हुडकून त्यांची यादी ठेवणारी शोधयंत्रेही आहेत.

याचे परिणाम दोन वेळा ठळकपणे दिसले. २०१२ मध्ये अमेरिकेत ट्रेंडनेट कंपनीच्या कॅमेऱ्यांतील दोषामुळे सुमारे ७०० घरगुती व इतर कॅमेऱ्यांची थेट चित्रे आंतरजालावर उघडी पडली. पाळण्यातील बाळेही त्यांत होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये या कंपनीवर कारवाई केली. दुसरी घटना अधिक व्यापक होती. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेल्या नाव-परवलीच्या सुमारे साठ जोड्या एकेक करून वापरून पाहिल्या आणि जगभरातील असंख्य कॅमेरे, मुद्रक व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या उपकरणांनी डिन या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. त्यांचे चित्र नेहमीसारखेच दिसत होते.

म्हणून आज शिफारस केली जाते ती व्हीपीएनची. वायरगार्डसारख्या पद्धतीने मोबाइल आणि घर यांच्यात एक कूटबद्ध बोगदा तयार होतो व मोबाइल घरच्याच जाळ्यात असल्यासारखा वागतो. भारतातील अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, त्यामुळे घरापर्यंत बाहेरून थेट पोहोचताच येत नाही. तेव्हा घरातील संगणकाने बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करून ती उघडी ठेवणे, हा मार्ग उरतो. याशिवाय कॅमेऱ्यांना वेगळ्या उपजाळ्यात ठेवून त्यांना आंतरजालावर जाण्यास मनाई करता येते. चित्र घरातील संगणकाकडे जाते आणि बाहेर काय सोडायचे ते तो संगणक ठरवतो. कारखान्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलणे हे तर गृहीतच आहे.

कायदेशीर बाजू

युनायटेड किंग्डममध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच परवलीचा शब्द असलेली जोडणीक्षम उपकरणे विकण्यास मनाई आहे. भारतात इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी आवश्यक अटी घालून दिल्या असून, एप्रिल २०२५ पासून त्यानुसार तपासणी सक्तीची झाली आहे.

पाहणाऱ्यावरील बंधने हा वेगळा विषय. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रिनेश खटल्यात असा निर्णय दिला, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर राहत नाही. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी वा घरगुती वापराला लागू होत नाही. तरीही घरमालकाला पूर्ण मोकळीक आहे, असे नाही. कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीवाचून टिपणे वा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. सामायिक घराच्या राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग आहे, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले.

घरात काम करणाऱ्या व्यक्ती, भाडेकरू आणि वृद्ध यांच्या बाबतीत कायद्याच्या आधी साध्या कल्पनेचा प्रश्न येतो. कॅमेरा कोठे आहे, तो कधी चालू असतो आणि पलीकडून कोण पाहते, हे त्यांना ठाऊक असावे लागते. होम असिस्टंटमध्ये घरातील कोणी परत आले की आतला कॅमेरा आपोआप बंद होईल असा नियम लिहिता येतो. कॅमेऱ्याला वीज देणारा प्लगच बंद करणारा नियम त्याहून पक्का असतो, कारण तेव्हा कॅमेरा खरोखरच बंद आहे हे खोलीत बसलेल्याला त्याचा दिवा पाहूनही समजते.